फेदरवेटचा खरा चॅम्पियन

इंद्रभान नागपूरला लेकाकडे राहायला गेला आणि मेहकरात देवानंदशी भांडायला कोणी उरलं नाही.

कॉलेजात दोघेही फेदरवेट गटात बॉक्सिंग खेळायचे. विद्यापीठाच्या फायनलला इंद्रभानने असा गुद्दा ठेवून दिला, की पंचांचे आकडे मोजून संपले तरी देवानंद छताकडेच बघत होता. पण कोणीतरी हरकत घेतली, इंद्रभानला पुन्हा काट्यावर चढवलं, तर गडी वजनात बसेना. पदक देवानंदला मिळालं. तेव्हापासून बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर रोज तोच खटला.

"पदक माह्याकडं हाय."

"अन् आडवं कोण पडलं होतं बे?"

आता देवानंद एकटाच चहा प्यायचा. टपरीवाला म्हणायचा, "हाव काका, तुमीच चॅम्पियन." घरी बायको, महामाया, म्हणायची, "तुमीच चॅम्पियन. आता मेथी निवडा." समोरच्याने असं चटकन मान्य केलं, की देवानंदच्या तोंडची चवच जायची. इंद्रभानचा फोन यायचा, पण त्यात तब्येत आणि हवापाणी. भांडणाचं नाव नाही.

शेवटी एका दुपारी त्याने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "फेदरवेटचा खरा चॅम्पियन एकच, देवानंद! कोनाले शंका?"

इंद्रभानने वाचलं. वाचणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव दिसलं. पण उत्तर आलं ते व्यायामशाळा चालवणाऱ्या गोकुळचं, "गावात चॅम्पियन, अन् आपल्यालेच पत्ता नाही! सत्कार झालाच पाहिजे."

बघता बघता चौकात बॅनर लागलं. 'विश्वविजेते देवानंदजी!'

"अरे, विश्व कुठून आनलं?" देवानंद हबकला.

"काका, बॅनरवर जागा उरली होती."

तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण देवानंदच्या मनात आलं, हे इंद्रभानला पचणार नाही. भांडायला का होईना, येईल. त्याने बॅनरचा फोटो स्वतःच पाठवला.

आणि इंद्रभान आला. सभागृहात मागच्या रांगेत ते ओळखीचं टक्कल दिसलं आणि देवानंदचा ऊर भरून आला. गोकुळने नागपूरच्या या पाहुण्याला पुढे बोलावून माइक दिला. देवानंद बाह्या सरसावून बसला.

"देवानंदच खरा चॅम्पियन," इंद्रभान शांतपणे म्हणाला. "मी वजनात नव्हतो. आता या वयात कायले ताणाचं?"

टाळ्या पडल्या. देवानंदला कॉलेजातल्या त्या गुद्द्यानेही एवढं लागलं नव्हतं. उठून त्याने माइक ओढला.

"झूठ! यानं मले आडवं केलं होतं. खरा चॅम्पियन हा हाय!"

"देव्या, काट्यानं सांगितलं ना..."

"काटा कापूस मोजाचा होता बे! त्याचा काय भरोसा?"

"मंग इतकी वर्सं मी हेच सांगून राह्यलो होतो, तं मानलं काऊन नाही?"

"मानलं असतं तं तू दुसऱ्या दिवशी आला असता का?"

सत्काराची शाल हातात घेतलेला गोकुळ एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत उभा. मग इंद्रभानने चष्मा पुसून नाकावर ठेवला.

"पन काटा बरोबर होता."

"चुकीचा होता!"

सभागृह रिकामं झालं, खुर्च्या उचलल्या गेल्या, नागपूरची बसही सुटली. लेकाचा फोन आला, तेव्हा दोघे पायरीवर बसले होते.

"नाही रे, निघालो नाही," इंद्रभान म्हणाला. "हा मानूनच नाही राह्यला. दोन-चार दिवस लागतीन."

"दोन-चार?" देवानंद फोनजवळ तोंड नेऊन ओरडला. "दिवाळीपर्यंत मानत नसतो मी!"