गच्चीवरचे आयरिश बटाटे

आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या इमारतीत बटाटा जमिनीखाली पिकत नाही, सातव्या मजल्याच्याही वर पिकतो. आणि तो वाढत असताना गच्चीवर मोठ्याने बोललेलं बस्त्यावकाकांना खपत नाही. "हळू बोल रे. बटाटा झोपलाय."

काका मूळचे समुद्रकाठच्या उत्तन गावचे. मुलगी आयर्लंडमध्ये नर्स. तिच्याकडे राहायला गेले आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून हे वेड घेऊन आले. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात! तिकडे म्हणे वाफ्यात समुद्राचं शेवाळ घालतात, बियाण्यावर चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडतात. काकांनी उत्तनच्या खडकांवरून गोण्या भरून शेवाळ आणलं. तेव्हापासून सगळी विंग खाऱ्या वासात झोपू लागली. मला तर होड्यांची स्वप्नं पडायची. मांजरं मात्र मासळीच्या आशेने जागीच.

सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई धर्माने जैन, जमिनीखालचं काही न खाणारे. जो बटाटा घरात येत नाही, तो थेट त्यांच्या डोक्यावर उगवला. "अंकल, वॉटरप्रूफिंग करवाना है, ये खेत हटाओ," असं ते येता-जाता म्हणत.

पानं पिवळी पडून वाळली, तरी काका खणेनात. "मातीला घाई न्हाय." खरं कारण वेगळंच होतं. तिकडची रीत अशी, की हंगामातला पहिला बटाटा एकट्याने खायचा नाही, घरातल्या सगळ्यांनी मिळून खायचा. काकू गेल्यापासून घरात काका एकटेच. मुलगी सुट्टीत येणार होती, तिच्यासाठी सगळं थांबलं होतं.

शेवटी शहाभाईंनी वाफे हटवायला रविवारी दुपारनंतरचे मजूर ठरवले. आदल्याच दिवशी मुलीचा फोन आला, सुट्टी मिळत नाही. रविवारी सकाळी काकांनी हातांनीच माती उकरली. वाट बघण्यात अर्धे बटाटे कुजले होते. ओंजळभर उरले. मला फार वाईट वाटलं.

दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. टेबलावर सालासकट उकडलेले बटाटे, लोणी, मीठ आणि तीन ताटं. तिसऱ्या ताटासमोर शहाभाई अवघडून बसलेले.

"मैं खाऊंगा नहीं, अंकल. लेकिन बैठूंगा."

"बसलास, तेच लय झालं. घरातली सगली आली," काका म्हणाले. मग डोळे मिटून त्यांनी त्या आयरिश म्हाताऱ्याने शिकवलेलं मागणं आपल्या बोलीत मागितलं, "पुढच्या वर्षी याच टायमाला आपून सगली जिवंत असू दे."

शहाभाईंनी रिकाम्या ताटासमोर हात जोडले. मग म्हणाले, "अंकल, वॉटरप्रूफिंग तो महीने भर का काम है. उसके बाद टेरेस खाली ही पड़ा रहेगा."