प्रवासी क्रमांक चार

"पाच शहरं, अकरा दिवस, नऊ राजवाडे. आणि एकाही राजाला धड मोरी बांधायची अक्कल नाही!"

नवरा हे कोणाला उद्देशून म्हणत नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून, त्याच्या कोपऱ्यांवर मिठाची बरणी, चष्म्याची डबी, एक कांदा आणि स्वतःचं कोपर ठेवून तो पुटपुटत होता. बारकी त्याच्या पाठीशी दुधावर नजर ठेवून उभी होती, म्हणून तिला ते ऐकावं लागलं. नवऱ्याची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेलेली. निवृत्तीला वर्ष झालं तरी कुठलीही इमारत दिसली की त्याची नजर आधी पाइपांकडे जायची.

"चारशे खोल्या," तो म्हणाला, "आणि न्हाणीघर एक. तेही नातवानं बांधलेलं."

"आपण बघायला चाललोय. अंघोळीला नाही," बारकी म्हणाली.

बारकीचं वय छप्पन्न. पण धाकटी म्हणून एकदा पडलेलं नाव काही सुटलं नाही. दातांच्या दवाखान्यात दारासमोरच्या टेबलावर बसून लोकांना वेळा द्यायचं काम ती सव्वीस वर्षं करत होती. दाढेला घाबरलेली माणसं फोन उचलत नाहीत. उचललाच तर बाहेरगावी असतात. अशांना गोड बोलून खुर्चीपर्यंत आणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकच माणूस तिला सहा वर्षांत आणता आलं नव्हतं, आणि ते चार बसथांब्यांवर राहत होतं. ती म्हणजे तिची थोरली बहीण, ताई.

भांडण झालं ते आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनवरून. ऑपरेशन गुरुवारी झालं आणि ताई उगवली शुक्रवारी, हातात फळांची पिशवी घेऊन, केस नीट विंचरून, अगदी वेळेवर आल्यासारखी. आदल्या रात्रभर जागलेली बारकी भर व्हरांड्यात, नर्सबाईंच्या देखत म्हणाली, "या या! पाहुण्या आल्या. खुर्ची द्या रे कोणीतरी." ताईनं पिशवी जमिनीवर ठेवली आणि आल्या पावली निघून गेली. तिसऱ्या दिवशी बारकीनं दातांच्या दवाखान्यातलं आपलं रजिस्टर उघडलं, तर समासात तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'ताईला कळवलं, शुक्रवार.' तिनं रजिस्टर मिटलं. इतक्या वर्षांत एका माणसाला चुकीचा वार दिला होता, तो नेमका हिला.

हे नवऱ्याला माहीत होतं, कारण त्या दिवसापासून कोणी 'शुक्रवार' म्हटलं की बायकोच्या हातातली वस्तू पडते हे त्यानं पाहिलं होतं. आईला माहीत होतं, कारण बारकीनं घरून ताईला फोन केला तेव्हा ती शेजारीच पडली होती. डोळा अधू होता, कान नव्हते. पण घरात या विषयाभोवती सगळे असे वळसा घालून जायचे, जसा ओल्या फरशीला घालतात.

आणि राजवाडे म्हणाल तर ते मुळात दोघी बहिणींचेच. लहानपणी जुन्या कॅलेंडरांतली चित्रं कापून त्यांनी एका वहीत चिकटवली होती. पहिल्या पानावर निळ्या फरश्यांचा जिना होता, तो ताईचा. दुसऱ्यावर आरशांचं दालन, ते बारकीचं. जेवणाच्या टेबलाखाली पालथ्या पडून दोघी ठरवायच्या, की मोठं झालं की जायचं, आईला न्यायचं, आणि आधी माझा बघायचा. 'आधी माझा' यावर रोज रडारड व्हायची. मग दोघी मोठ्या झाल्या. एकीची बदली, दुसरीची बाळंतपणं, करता करता गुडघे दुखायला लागले.

शेवटी आईच म्हणाली, "मी ऐंशीची झाले. नेताय की नुसतंच ठरवताय?"

म्हणून हा सहलीचा अर्ज. एका कुटुंबाला चार रकाने. पहिला नवरा, दुसरी बारकी, तिसरी आई. चौथ्यापाशी नवऱ्याचं पेन थांबलं.

"खोलीत दोघं-दोघं असतात," तो नकाशाला म्हणाला. "तिघांत एकजण उरतो. त्यात रकाना रिकामा ठेवला की तिथूनच गळती सुरू होते."

"तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून बारकीनं दुधाकडे तोंड फिरवलं.

त्यानं बघितलं. चौथ्या रकान्यात ताईचं नाव आणि फोन नंबर लिहिला. बारकीनं तो ओट्यापासून वाचला आणि मनात म्हणाली, बहुतेक आईनं विचारलं असेल तिला. आईनं भिंग लावून वाचला आणि मनात म्हणाली, देवा, बारकीनं फोन केला वाटतं. नवरा मनात म्हणाला, कोणीच काही बोलत नाही म्हणजे यांचं आपापसात ठरलंय. अर्ज टपालात पडला. खुद्द ताईला कोणीच विचारलं नव्हतं.

राजवाड्यांतल्या जुन्या फरश्या झिजू नयेत म्हणून बुटांवर कापडी सपाता घालाव्या लागतात, त्यासाठी सगळ्यांची मापं लिहायची होती. ताईचं माप बारकीनं नवऱ्याला न विचारता सांगितलं. "साडेपाच. मी तिचेच बूट वापरलेत लग्नापर्यंत."

आठवड्यानं सहलीच्या कचेरीतून पक्की यादी आली. प्रवासी क्रमांक चार, माप सहा.

"छापताना चुकलंय," म्हणत बारकीनं साडेपाच करून यादी परत पाठवली. चार दिवसांनी ती पुन्हा आली. 'माप सहाच. वय झालं की पाय पसरतात. प्रवाशांनी स्वतः कळवल्यानुसार.'

बारकी टेबलाशी बसली ती उठेचना. आई भाजी निवडत होती. निवडलेल्या भाजीत देठं आणि देठांत भाजी पडत होती.

"कोणी कळवलंय म्हणे?" आईनं विचारलं.

"प्रवाशांनी."

"बरं," आई म्हणाली, आणि पुढचा तासभर तिनं तोंडातल्या तोंडात गाणं म्हटलं.

आता खरं तर फोन उचलायचा. चार बसथांबे. पण सहा वर्षांचा फोन उचलायला फार जड असतो. त्यापेक्षा अर्ज हलका. बारकीनं 'विशेष सूचना' या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'प्रवासी क्रमांक चार यांना बसमध्ये मळमळतं. पुढची जागा द्यावी.'

उत्तर आलं: 'क्रमांक चार यांना आता मळमळत नाही. मात्र क्रमांक दोन झोपेत बडबडतात, ते थांबलं आहे का, हे कळवावं. खोली त्यानुसार ठरवू.'

"मी बडबडते?" बारकीनं नवऱ्याला विचारलं.

"परवा तू कोणाला तरी खालच्या डाव्या दाढेसाठी मंगळवार दिलास."

सहलीच्या कचेरीत फाईल सांभाळणारा माणूस, त्याला सगळे सहलवालाच म्हणत, नोकरीत नवा होता आणि उत्साहानं नुसता फसफसत होता. त्यानं बारकीला फोन केला. "मॅडम, आमच्या अर्जात झोपेत बोलण्याचा रकाना नव्हता. इतकी वर्षं सुचलंच नव्हतं कोणाला! मी नवीन करून घेतला. सगळ्यांनाच पाठवलाय."

सगळे म्हणजे बेचाळीस प्रवासी. बारकीला वाटलं, गप्प बसावं. पण तिच्या हातात पेन होतं, आणि पलीकडे ताई होती. रोज संध्याकाळी दवाखान्यातून आली की पर्स ठेवायच्या आधी ती टपाल बघायची. एखाद्या दिवशी काही आलं नाही की त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही. नवरा तिच्या पुढ्यात ताट सारायचा आणि म्हणायचा, "उद्या येईल. टपालात तुंबलं असेल."

मग तिनं सूचनांच्या रकान्यात लिहिलं, 'आधी आरशांचं दालन बघण्याची इच्छा आहे.'

उलट टपाली उत्तर: 'आधी निळा जिना. हे पन्नास वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.'

'ठरलेलं नव्हतं. क्रमांक चार यांनी वही ओढून घेतली होती.'

'वही क्रमांक चार यांचीच होती.'

'गोंद क्रमांक दोनचा होता.'

प्रवाशाची सूचना म्हणजे आज्ञा, असं सहलवाल्याला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. त्यानं दोघींचं मन राखलं. आणि दोघींच्या पत्रागणिक राखत राहिला. निळा जिना होता दक्षिणेच्या शहरात आणि आरसे होते थेट उत्तरेला. सुधारलेला कार्यक्रम आला तेव्हा नवऱ्यानं तो नकाशावर पेन्सिलनं काढून बघितला. बस एका शहरातून तीनदा जात होती.

"ही सहल आहे का इस्त्री?" तो म्हणाला. "पुढे, मागे, पुढे, मागे. अगं, सात राजवाडे उरलेत नऊतले! दोन नुसते खिडकीतून!"

तिकडे बाकीचे अडतीस प्रवासी खवळले. एका निवृत्त न्यायाधीशांनी लेखी विचारलं, की आपण झोपेत काय बोलतो हे आपल्या पत्नीनं कचेरीला कळवण्याचं कारण काय. एका नव्या जोडप्यातल्या बायकोनं नवऱ्याच्या रकान्यात 'हो' लिहिलं होतं, तेव्हापासून तो तिला 'मी कोणाचं नाव घेतो?' विचारत होता आणि ती सांगत नव्हती. शेवटी कचेरीच्या मालकीणबाईंनी फर्मान काढलं, की रविवारी सकाळी सगळ्यांनी यावं, काय तो सोक्षमोक्ष होईल, आणि ज्यांच्यामुळे हा घोळ झाला त्या कुटुंबाला सहलीत ठेवायचं की नाही, हेही तिथंच ठरेल.

शनिवारी बारकीनं दोन साड्या काढल्या, दोन्ही परत ठेवल्या. आईनं तिसरी सुचवली. "ही नेस. तुला ही दिली तेव्हा कोणीतरी रुसलं होतं." कोण, ते तिनं सांगितलं नाही.

रविवारी कचेरीच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि भिंतींवर राजवाड्यांची मोठमोठी चित्रं होती. नवरा, बारकी आणि आई तिसऱ्या रांगेत बसले. दाराजवळच्या खुर्चीवर ताई होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, उठायची तयारी असावी तशी. केस पार पांढरे झाले होते. बारकीनं तोंडाकडे बघायचं धाडस केलं नाही. तिनं पायांकडे बघितलं. खरंच सहा होते. हे पाय कधी पसरले, आणि आपण तेव्हा कुठं होतो?

"आलीय का गं?" आईनं समोर बघतच विचारलं.

"आलीय."

"दिसलं मला. तुला दिसली का, ते विचारतेय."

मालकीणबाई उभ्या राहिल्या. "ही बस अशी पुढे-मागे का जातेय, हे प्रवाशांना जाणून घ्यायचंय. वाचा हो फाईल."

सहलवाल्यानं वाचली. सगळी. बुटाच्या मापापासून गोंदापर्यंत. आधी लोक चिडून ऐकत होते. 'वय झालं की पाय पसरतात' ला नवी बायको फिसकन हसली. मळमळीला मागची रांग हसली. गोंद आला तेव्हा न्यायाधीशसुद्धा रुमालात खोकले. हसली नाहीत ती या घरातली चार माणसं. बारकीच्या कानांत ते सगळं एकसलग पत्रासारखं ऐकू येत होतं आणि तिला वाटत होतं, हा माणूस थांबू नये. हा थांबला की संपलं.

"आता एकच पान," सहलवाला म्हणाला. "कालच आलंय. याचं उत्तर यायचंय अजून. 'प्रवासी क्रमांक चार यांची विनंती: निघण्याचा वार कचेरीनं स्वतः कळवावा. क्रमांक दोन यांच्यामार्फत कळवू नये. मागे एकदा त्यांनी कळवलेल्या वारी आम्ही वेळेवर पोचलो होतो.'"

हॉलमध्ये कोणालाच काही कळलं नाही.

"वेळेवर पोचल्या, मग तक्रार कसली?" न्यायाधीशांनी विचारलं.

नवऱ्यानं मान वर करून छताजवळचा एक पाइप तपासायला घेतला. आईनं डोळे मिटले. म्हणजे ताईला माहीत होतं, बारकीच्या मनात आलं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी हिनं कोणाला सांगितलं नाही, वाट बघत बसली सहा वर्षं.

"शनिवारी निघायचंय," सहलवाला मदतीला धावला. "मॅडम, शनिवार लिहू ना उत्तरात?"

बारकी पर्सचा बंद ओढत राहिली. दाराजवळची खुर्ची करकरली. ताई उठली होती.

"राहू दे," ती सहलवाल्याला म्हणाली. आवाज तोच होता, टेबलाखालचा, थोडा बसलेला. "त्या पानाला उत्तर येणार नाही, मला ठाऊक होतं. उगीच इतक्या लोकांची सहल नको बिघडायला. चार नंबर खोडा तुम्ही."

सहलवाल्यानं मालकीणबाईंकडे बघितलं. मालकीणबाईंनी मान हलवली. त्यानं पेन्सिल उचलली.

"थांबा!" बारकी उभी राहिली. तिची पर्स खाली पडली, ती तिनं उचलली नाही. सव्वीस वर्षं लोकांना दारातून परत आत बोलावणारा तिचा आवाज नेमका आत्ता कुठं गेला होता, कोण जाणे.

"उत्तर देताय?" सहलवाल्यानं पेन्सिल सरसावली. "कुठल्या रकान्यात लिहू?"

"कुठल्याच नको. लिहू नका तुम्ही." ती ताईकडे वळली. या वेळी तोंडाकडे.

"ऑपरेशन गुरुवारी होतं, ताई. मी तुला शुक्रवार सांगितला. चूक माझी होती. आणि मला ते तिसऱ्याच दिवशी कळलं होतं."