तारीख एकदाच बदलता येते

"ओरिजिनल तिकीट आपल्या हातात पाहिजे," दत्ताराम परुळेकरांनी फोनवर बजावलं. "फॅक्स नको, झेरॉक्स नको. आमच्या वर्कशॉपचा खैरुद्दीन मंगळवारी इकडे येतोय, त्याच्याकडे दे."

"पण भावोजी, गाडी मुंबईहूनच पकडायचीय ना? राहू दे की माझ्याकडे," मेहुणा रुपेश पलीकडून म्हणाला.

"नियम आहे!"

असा नियम कुठेही नव्हता. पण अबू धाबीच्या मुसफ्फात, टाक्या बनवणाऱ्या वर्कशॉपचे स्टोअरकीपर असलेले परुळेकर रेल्वेच्या बाबतीत शेवटचं कोर्ट होते. ज्या देशात तेव्हा हातभर रूळ नव्हता, तिथे हा माणूस भारतीय रेल्वेचं टाइमटेबल उशाशी घेऊन झोपायचा. कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून तर विचारूच नका.

यंदाची रजा खास रुपेशसाठी होती. पस्तिशीला टेकलेला हा गडी मुलगी बघायला गेला की बशीतल्या पोह्यांकडे बघत बसायचा आणि घरी येऊन "विचार करतो" म्हणायचा. असे सात विचार झाले होते. आठवी मुलगी कुडाळची. या वेळी परुळेकरांच्या पत्नी सुलभाताई स्वतः शेजारी बसून भावाकडून होकार काढणार होत्या. मुलीकडचे अठरा तारखेपर्यंत थांबणार होते, पुढे दुसरं स्थळ तयार होतं.

मुंबई-कुडाळची तिकिटं बारा तारखेची. ती खैरुद्दीनच्या बॅगेतून मुसफ्फाला आली आणि कपाटात कुलूपबंद झाली. आठवड्याभरात मॅनेजर मुनीर म्हणाला, "दत्ताभाई, शिपमेंट निकलने दो. चौदा को जाओ. खलास."

विमानाची तारीख एजंटने एका फोनवर बदलली. रेल्वेची बदलायला ओरिजिनल तिकीट मुंबईच्या खिडकीवर हवं होतं, आणि ते तर आपल्या हातात होतं! मग दौलत नावाचा वेल्डर सुट्टीवर निघाला होता, त्याच्या खिशात तिकिटं गेली. रुपेशने रांग लावून तारीख बदलली. परुळेकरांनी ती पुन्हा मुसफ्फाला मागवली.

"पप्पा, द टिकेट्स आर ट्रॅव्हलिंग मोअर दॅन अस," नऊ वर्षांची पर्णिका म्हणाली.

"तू होमवर्क कर."

मग शिपमेंट बंदरात अडकलं आणि मुनीरने सोळा तारीख दिली. सुलभाताईंनी लाटणं खाली ठेवलं. "अहो, अठराला मुलगी जाईल हातची!"

"घाबरतेस काय? नियम कशाला आहेत?"

तिकिटं चौथ्यांदा समुद्र ओलांडून गेली. चार दिवसांनी रुपेशचा फोन. "भावोजी, खिडकीवर सांगितलं, तारीख एकदाच बदलता येते. दुसऱ्यांदा नाही. कॅन्सल करून नवीन काढायचं."

"नियम दाखव म्हणावं!"

"दाखवला. पुस्तकच उघडून दाखवलं."

परुळेकर चपापले. टाइमटेबलाची मागची पानं चाळली. नियम खरा निघाला. संसारात पहिल्यांदाच त्यांनी संध्याकाळचा चहा अर्धा ठेवला.

नवीन तिकिटाला कुडाळपर्यंत वेटिंग लिस्ट. परुळेकरांनी मग आपला हुकमी एक्का काढला. "तोडून काढ! मुंबई-रत्नागिरी एक, रत्नागिरी-कुडाळ दुसरं. गाडी तीच."

दुसऱ्या दिवशी रुपेशचा फोन. "खिडकीवर विचारत होते, सामान किती? मी म्हटलं अकरा डाग. तर म्हणाल्या, पहिलं तिकीट डबा दोनचं, दुसरं डबा नऊचं. रत्नागिरीला गाडी थोडाच वेळ थांबते. अकरा खोकी घेऊन तुमचे भावोजी सात डबे पळणार का?"

"म्हणाल्या? बाई आहे काय खिडकीवर?"

"हो. चांगल्या आहेत. म्हणजे, नियमाला."

"मग पहिलं तिकीट पनवेलपर्यंत काढ!"

"तेही विचारलं. खूप हसल्या."

सुलभाताई भांडी विसळता विसळता थांबल्या. रुपेशला रांगेत उभं करायचं म्हणजे एरवी बैल पाण्यात घालण्यासारखं. आणि हल्ली तोच फोन करत होता, रोज. एकदा तर म्हणाला, "आज काम नाही झालं. खिडकी उघडी होती, पण त्या रजेवर होत्या."

"मग दुसरा कोणी असेल ना बसलेला?" परुळेकर ओरडले.

"होता. पण त्याला आपली केस माहीत नाही."

पंधराच्या संध्याकाळी बॅगा भरल्या होत्या, अकराही खोक्यांना दोऱ्या बांधल्या होत्या आणि हातात तोडलेलं काय, अख्खं काय, कुठलंच तिकीट नव्हतं. फोन वाजला.

"भावोजी, तिकीट काढलं नाही," रुपेश म्हणाला.

"नाही? अरे, अठराला कुडाळ गाठायचंय!"

"कुडाळला मी आजच नकार कळवला. मुलीचा वेळ कशाला घालवायचा? तुम्ही मुंबईपर्यंतच या."

परुळेकरांच्या हातातून रिसीव्हर सुलभाताईंनी ओढून घेतला. "रुपेश, खरं सांग. खिडकीवरची?"

पलीकडे जरा खरखर झाली. "हो ताई. ऋता नाव. मी तिला विचारलं. मागे बावीस माणसं उभी होती, सगळी ओरडत होती, तरी विचारलं."

"आणि?"

"म्हणाली, फॉर्म नीट भरून आणा. मग हसली आणि हो म्हणाली."

सुलभाताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अरे पण दिसायला कशी? तुझ्या शेजारी शोभेल ना? उंची किती?"

"ते उद्या कळेल, ताई," रुपेश म्हणाला. "उभी राहिलेली अजून बघितलीच नाही."