रंभाबाईंनी दरवाढीस पाठ दाखविली त्याची हकीकत

गजाननास वंदून, आणि दिवे आहेत तोवर लेखणी उरकावी या हेतूने, मुक्काम अल्लीपूर येथील वृत्त यथास्थित लिहिले जाते. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, कार्तिक मासी वीजकंपनी सरकारांनी धूम्रगिरी येथील वीजघराचा प्रकल्प सिद्धीस नेला. खर्च अंदाजाचे तिप्पट जाहला, आणि मग तो रयतेकडून एकाच साली वसूल करावा ऐसी मसलत ठरली, आणि दरवाढीची फौज उंबरठ्या-उंबरठ्याशी येऊन ठेपली.

ते समयी रंभाबाई अल्लीपुरी आटाचक्की राखून होत्या. शेत सासऱ्यांचे नावे, घर यजमान खुशालराव यांचे नावे. अवघ्या जगात एक वीजमीटर तेवढे बाईंचे नावे होते. दरमहा बिलावर ‘श्रीमती रंभा’ ऐसी अक्षरे येत, त्यांवरून बाई पिठाळ बोट फिरवीत आणि मग काही वेळ उगीच दारात उभ्या राहत. दर एकदम चढल्यास चक्की बंद पडणार आणि मीटर उतरणार, हे निश्चित. सबब बाई पदर खोचून, एस.टी.त स्वार होऊन, वर्ध्याचे जनसुनावणीवर चालून गेल्या.

दरबार भरला. कंपनीचे साहेब उच्चासनी, खाली वडनेर-आर्वीकडील ग्राहक दाटलेले. साहेबांनी आकड्यांचा तोफखाना दोन प्रहर चालविला. बाईंस आकडे उमगले नाहीत, सौदा उमगला. वडनेरचे बाजारी वांगी विकता त्यांचा अर्धा जन्म गेला होता, आणि तेथील रिवाज ऐसा की, भाव जमेना तर गिऱ्हाइकाने पाठ फिरवून चालू लागावे. सात पावलांत ज्याने हाक मारली, तो हरला.

“साहेब, थोडं थोडं करून वाढवा,” बाई उभ्या राहून वदल्या. “एकदम नाई झेपत मले. नाईतर मी चाल्ली.”

“अहो, चाललात कुठे? वीज दुसऱ्या दुकानात मिळते का?”

“नाई भेटत. तरी चाल्ली.”

आणि पाठ फिरविली. एक पाऊल, दोन, तीन. मागून शब्द येईना. पाचव्या पावलास बाईंचे मनी आले, की ज्यास गावात दुसरा दुकानदारच नाही, तो हाक कशास मारील? परंतु निम्मी सभा वडनेरचे बाजारातली. पाठमोरी बाई दिसताच पाय सवयीने उठले, आणि त्यांचे मागे आर्वीकर, आणि मग खुर्च्या ओस पडल्या. सुनावणीचे कागदावर ग्राहकांच्या सह्या तर बाकी होत्या, आणि सह्यांवाचून सुनावणी जाहली ऐसे लिहिता येईना. सातवे पाऊल उंबरठ्यावर पडणार, तोच कारकून सचिनराव धावत सुटले, “ओ काकू! या ना वापस! साहेब बोलावून राह्यले!”

मग फर्मान सुटले की, दरवाढ एक साली न घेता चार साली विभागून घ्यावी. रक्कम तीच, रुपया कमी नाही.

सांजेस ‘जिंकली’ म्हणत बाई घरी आल्या, तो खुशालराव मेथीच्या जुड्या बांधता बांधता पुसते जाहले, “कमी केलं का त्याईनं?”

“नाई. चार सालात घेतो मनले.”

“मंग जिंकली काऊन मनतेस?”

“हाक त्याईनं मारली.”

खुशालराव बाजार करणारे माणूस; त्यांनी मान डोलावून जुडीस गाठ मारली आणि ती टोपलीत टाकली. मग बाईंनी खटका दाबला, पट्टा फिरला, आणि उतरत्या उन्हात पीठ ऐसे तरंगू लागले, जैसे कोणाचे काही देणेच नाही.

कार्तिक वद्य पंचमीस मीटर रंभाबाईंचे नावे फिरत आहे. इतकी फत्ते जाहली, ती येथे कायम नमूद केली असे.