चाणाक्ष नैमित्तिक

मुळशी धरणाच्या पाण्यावर आलिशान क्रूझ सुरू व्हायचं ठरलं, तेव्हा तिला इंजिन बसायच्या आधी ड्रेसकोड बसला. कंपनीचं म्हणणं असं, की इंजिन काय, बाजारात मिळतं. दर्जा मिळत नाही. बोट दुमजली, पांढरीशुभ्र. या काठावरून निघायची, त्या काठाला जायची आणि परत यायची. वरच्या डेकवर उभं राहिलं की दोन्ही काठांवरच्या म्हशी ओळखू येत. तरी या फेरीला 'सागरी सफर' म्हणावं असा लेखी आदेश होता, आणि लेखी असल्यामुळे सगळे निमूट म्हणत होते.

पोशाखाचा नियम दोनच शब्दांचा : स्मार्ट कॅज्युअल. पण फलक मराठीत हवा होता. म्हणून कंपनीने रिहे गावच्या विठ्ठलरावांना गाठलं आणि नोकरीवरच ठेवलं. हे गृहस्थ एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेले. उभी हयात दुसऱ्यांच्या रजा मंजूर-नामंजूर करण्यात गेली, स्वतः मात्र एकही रजा घेतली नाही. त्याचा अभिमान तर विचारूच नका! स्वतःच्या लग्नालासुद्धा ते रविवार बघूनच उभे राहिले होते.

आता या वयात ही नोकरी त्यांनी धरली ती बायकोसाठी, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं. शारदाबाईंचा लग्नापासून एकच हट्ट होता : एकदा धरणाच्या मधोमध जाऊन बसायचं. बघायचं काही नाही, करायचं काही नाही, नुसतं बसायचं. 'अगं, जरा ऐकतेस का?' ही हाक जिथे पोचत नाही अशी जागा त्यांना पंचक्रोशीत दुसरी सापडली नव्हती. विठ्ठलराव दर वर्षी म्हणत, 'रिटायर झालो की जाऊ.' रिटायर झाले, आणि गुडघे दुखायला लागले. कंपनीने पगारासोबत कुटुंबासाठी एक पास देऊ केला, तेव्हा त्यांनी छाती फुगवून तो शारदाबाईंच्या हातात ठेवला. बाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवला.

बोटीची व्यवस्थापक किमया पुण्याची. तिने समजावलं, "काका, स्मार्ट कॅज्युअल म्हणजे ना, कपडे एकदम मस्त हवेत, पण मुद्दाम घातलेत असं वाटता कामा नये. यू नो?"

विठ्ठलरावांना ओ की ठो कळलं नाही. पण 'नो' म्हणायचं कुणी? निवृत्त माणसाने एकदा 'समजलं नाही' म्हटलं, की घरचे त्याला बँकेतसुद्धा एकटं सोडत नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि आपल्या परीने विचार केला. कॅज्युअल म्हणजे काय? कॅज्युअल लीव्ह म्हणजे नैमित्तिक रजा; तेव्हा कॅज्युअल म्हणजे नैमित्तिक. स्मार्ट म्हणजे चाणाक्ष. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पितळी अक्षरांचा फलक चढला : 'पोशाख : चाणाक्ष नैमित्तिक. हुकमावरून.'

"वॉव काका, किती ऑथेंटिक!" किमया म्हणाली. तिलाही कळलं नव्हतं.

विचारलं ते एकट्या दामूने. दामू धक्क्यावरचा पहारेकरी, तिथल्याच वाडीचा. "भाऊसायेब, ह्ये नैमित्तिक म्हंजी वो काय? मला लोकं आडवायची हायेत, म्हून इचारतो."

"नैमित्तिक म्हणजे नैमित्तिक!" विठ्ठलराव खेकसले. "नैमित्तिक रजा ऐकली नाहीस कधी?"

"व्हय, ऐकलीया की," दामू म्हणाला, आणि त्याने सरळ अर्थ लावला : ज्याची रजा मंजूर, त्यालाच बोटीवर सोडायचं.

पहिल्या रविवारी माणच्या आयटी पार्कातली मंडळी नटूनथटून आली. दामूने दोर आडवा धरला. "रजा दावा."

"अरे, आज संडे आहे. सुट्टी आहे!"

"सुट्टी येगळी, रजा येगळी," दामू म्हणाला आणि त्याने विठ्ठलरावांकडे पाहिलं. गैरसमज झालाय हे विठ्ठलरावांना त्याच क्षणी कळलं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, की फलक चुकला, माझं चुकलं, सोडा सगळ्यांना. एवढंच तर होतं! पण दामूचं वाक्य नियमाला इतकं धरून होतं, की त्यांना मोह आवरला नाही. "बरोबर आहे," ते म्हणाले. "साप्ताहिक सुट्टी ही रजा गणली जात नाही."

आता तुम्हाला वाटेल, लोक भांडले असतील. छे हो! हीच मंडळी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून तासभर हुज्जत घालतात. पण दर्जा म्हटला की आपली बोबडी वळते. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. आपल्याला माहीत नाही असं दिसू नये म्हणून एकजण म्हणाला, "बार्सिलोनाला पण अगदी असंच होतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि मंडळी मुकाट्याने परत गेली. पुढच्या बुधवारी तीच माणसं ब्लेझर घालून, मंजूर रजेचे कागद लॅमिनेट करून रांगेत उभी होती. चाणाक्षपणाची खात्री म्हणून दामू प्रत्येकाला एक कोडं घालायचा. बूट सक्तीचे होते, पण गालिचा नवा होता. म्हणून बूट घालून यायचं आणि हातात धरून आत जायचं, अशी दुरुस्ती झाली. पुण्यातली मोठमोठी माणसं बूट छातीशी धरून बोटीवर चढताना दिसू लागली.

बोट जवळजवळ रिकामी जाऊ लागली. कंपनी खूश! "एक्सक्लुझिव्हिटी, काका!" किमया नाचायचीच बाकी होती. विठ्ठलरावांना बढती मिळाली. मुख्य पोशाख व दर्जा अधिकारी. निळा कोट, टाय, खिशावर जहाजाचा नांगर. मग काय, नियमांची जुनी नदी दुथडी भरून वाहू लागली. अर्ध्या दिवसाची रजा असलेल्यांना पलीकडच्या काठावर उतरवण्यात येईल. परतीचं ज्याने त्याने पाहावं. निवृत्तांना रजा लागू नसल्याने प्रवेश नाही. पौडात कापडाचं दुकान चालवणारे अन्वर तांबोळी बायकोला, मुनीराभाभींना घेऊन आले, तर स्वतःच्या दुकानातून स्वतः रजा घ्यायची कशी, असा पेच पडला. विठ्ठलरावांच्या सल्ल्याने त्यांनी स्वतःकडे रीतसर अर्ज केला आणि लग्नसराई तोंडावर आहे म्हणून स्वतःच तो फेटाळला. भाभी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

आणि मग एके दिवशी शारदाबाई आल्या. नवी इरकली, केसांत अबोलीचा गजरा, हातात पास. वडापच्या जीपमधून उतरून गुडघा सांभाळत धक्क्यावर आल्या तेव्हा बोट सुटायच्या बेतात होती. दामूने दोर आडवा धरला खरा, पण त्याचाच चेहरा पडला.

"भाऊसायेब, वैनीस्नी सोडू का?"

'सोड', एवढी दोनच अक्षरं. पण रांगेत माणसं होती, किमया बघत होती आणि खिशावर नांगर होता. विठ्ठलरावांनी टाय सरळ केला. "नियम सर्वांना सारखा. रजा आहे का?"

"कुणाकडनं आणू?" शारदाबाईंनी विचारलं. "मी नोकरीला कुटं हाय?"

प्रश्न बिनतोड होता. गृहिणीला कोणतीच रजा लागू नाही. नैमित्तिक नाही, अर्जित नाही, वैद्यकीय तर नाहीच नाही. तापातसुद्धा त्या भाकऱ्या थापत असत. पण विठ्ठलराव बायकोला आडवे जाणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी स्वतःच्या अधिकारात रजा मंजूर करायची तयारी दाखवली. "कारण?"

"बसायचंय."

"बरं. पर्यायी व्यवस्था? तुझ्या गैरहजेरीत काम कोण बघणार?"

"कंचं काम?"

"आता, स्वयंपाक," विठ्ठलराव म्हणाले. "म्हशीची धार. पाणी भरणं, माझ्या गोळ्या, दळण, आल्या-गेल्याचं..." आणि ते थांबले. एकेका कामापुढे कुणाचं तरी नाव हवं होतं. थोरला मुलगा? त्याला गॅस कुठे पेटतो ते ठाऊक नव्हतं. स्वतःचं नाव ओठांपर्यंत आलं, पण नांगराकडे बघून मागे फिरलं. मग काय झालं ते त्यांनाही कळलं नाही. उभ्या हयातीची सवय, वाक्य आपोआप बाहेर पडलं : "कामाच्या निकडीमुळे रजा मंजूर करता येत नाही."

शारदाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. विठ्ठलरावांना स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण नियमात तशी तरतूद नव्हती.

बाईंनी पदराने डोळे पुसले. "मग बिनपगारी मांडा. आजवर पगार दिलाय का, कापायला?"

"वेतनच नाही, तर विनावेतन रजा कशी देणार?" विठ्ठलराव पुटपुटले.

"व्हय का?" शारदाबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि नवऱ्याच्या पुढे धरला. समोर धरलेली वस्तू घ्यायची, या सवयीने विठ्ठलरावांनी तो घेतला.

"बगितलं न्हवं सगळ्यांनी?" दामू एकदम ओरडला. "भाऊसायबांनी चार्ज घेतला! वैनी सुटल्या!" आणि त्याने दोर वर केला.

यावर नियमात उत्तर नव्हतं. चार्ज घेतला म्हणजे घेतला. शारदाबाई चपला हातात धरून, एक-एक पायरी करत वर गेल्या. मागे वळून म्हणाल्या, "कवा येणार ते इचारू नका. तुमी कवा सांगत हुता?" बोट सुटली. मधोमध गेली. वरच्या डेकवर इरकलीचा एक ठिपका नुसता बसलेला दिसत होता. विठ्ठलरावांनी जीव खाऊन हाक मारली, "अगं, जरा ऐकतेस का?" ठिपका हलला नाही.

तेवढ्यात थोरल्याचा फोन आला. "आई कुठाय? जेवायला काय आहे?"

विठ्ठलरावांनी हातातल्या किल्ल्यांकडे पाहिलं. कुठली किल्ली कशाची, हे त्यांना सांगता येईना. मोठ्या कचेरीचा कारभार सांभाळलेला माणूस, पण डाळ कुठल्या डब्यात असते ते आठवेना.

हसलात ना? हसा की, विठ्ठलरावांवर हसायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त हसून झालं की उठा, आणि तुमच्या घरात डाळ कुठे असते ते बघून या. तिला विचारू नका, स्वतः शोधा. आणि वाचणारी तीच असेल, तर तिला हे सांगायची गरज नाही. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचतेय. तुम्हाला त्या ऐकूसुद्धा आल्या नाहीत.