सहावा चौकोन

स्तनाच्या कर्करोगाबद्दल बायकांना किती माहिती आहे, हे मोजणारी चोवीस प्रश्नांची एक परदेशी प्रश्नावली अरबी बायकांच्या मापाची करून घेण्यासाठी जॉर्डनमधल्या इर्बिदच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात समिती नेमण्यात आली. पाच सभासदांपैकी चार पुरुष होते. पाचवी मी, डॉ. हनादी, सचिव, कारण इतिवृत्त लिहिणारं कोणीतरी हवं होतं.

नियमानुसार प्रत्येक प्रश्न आधी स्वतःवर ताडून पाहायचा असतो. प्रश्न अकरा स्वतःची तपासणी करण्याबद्दल होता. घरी आरशासमोर उभं राहून मी ती केली आणि डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. वहीत मी नोंद केली, ‘प्रश्न अकरा सुबोध आहे.’ डॉक्टरकडे जाणारच होते. पण संशोधकच रुग्ण निघाली तर निष्कर्ष कलुषित होतात, म्हणून काम संपल्यावर जायचं ठरवलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

काम काही संपेना. अध्यक्ष डॉ. मुन्धिर यांना ‘स्तन’ हा शब्द छापील कागदावर नको होता. तिसऱ्या बैठकीत त्याचा ‘छातीचा भाग’ झाला, पाचव्या बैठकीत नुसता ‘वरचा भाग’. कर्करोगाचं नाव आमच्याकडे घरातही कोणी घेत नाही, ‘तो आजार’ म्हणतात. तेव्हा ‘वरच्या भागातल्या त्या आजाराविषयी आपले मत काय?’ हा प्रश्न एकमताने मंजूर झाला. पडताळणीसाठी तो पुन्हा मूळ भाषेत करायला अम्मानच्या अनुवादकाकडे पाठवला. त्याने तो डोकेदुखीचा समजून परत धाडला. समितीने समाधान व्यक्त केलं. मसुद्यावर सगळ्यांत आधी सही माझी होती.

मग चाळीस बायकांवर चाचणी झाली. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच चौकोनांना कोणी हात लावेना. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘अल्हम्दुलिल्लाह’, देवाची कृपा. तब्येत विचारली की आमच्याकडे हेच सांगतात, मग अंगात ताप असो की घरात मयत. समितीने लोकभावनेचा आदर करून त्याचा सहावा चौकोन वाढवला. पुढच्या तीनशे बायकांनी चोवीसही प्रश्नांना तोच भरला. इतकी सुसंगत उत्तरं विभागात आजवर आली नव्हती. डॉ. मुन्धिर यांनी खुशीत मामूल, म्हणजे खजूर भरलेली बिस्किटं, वाटली.

एव्हाना माझी गाठ खजुराच्या बीएवढी झाली होती. मनातल्या मनात मी तिला ‘प्रश्न अकरा’ म्हणत असे.

बिस्किटं वाटली त्याच दिवशी विभागात कॉफी करणाऱ्या उम्म लैथ कप गोळा करता करता माझ्या टेबलाशी थांबल्या.

“पोरी, तीनशे जणींना विचारलंस. तुला कोणी विचारलं का?”

“मी सचिव आहे, खाला.”

“सचिवाला वरचा भाग नसतो?”

“अल्हम्दुलिल्लाह,” मी म्हणाले.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. “माझी बहीणही हेच म्हणायची. दोन वर्षं म्हणत होती. ऊठ, कोट घाल.”

रुग्णालयात खिडकीतल्या मुलीने नाव, वय लिहून घेतलं आणि काय त्रास होतो, असं विचारलं. चोवीस प्रश्न नऊ महिने घासूनपुसून घेतलेली मी तिला ‘वरच्या भागात’ एवढंच म्हणाले. उम्म लैथ यांनी कोपर मारलं. मग मी स्तन म्हणाले, गाठ म्हणाले, नऊ महिने म्हणाले. रांगेतल्या दोन बायका हळूच जवळ सरकल्या आणि कोणत्या डॉक्टरला दाखवायचं, ते विचारू लागल्या.

माझ्या गाठीचा अहवाल गुरुवारी मिळणार आहे. दरम्यान प्रश्नावली छापून आली आहे, आणि ती कोणत्याही भाषेत तितकीच चालते असा माझा दावा आहे. हवं तर करून पाहू. वाचणाऱ्या बाई, तुम्ही स्वतःला शेवटचं कधी तपासलंत? आणि गृहस्थहो, घरातल्या बाईला तुम्ही शेवटचं कधी विचारलंत?

‘आमच्याकडे सगळं ठीक आहे.’ असंच ना?

लिहून घेतलं. सहावा चौकोन.