फाटकापाशी बंद पडणारी गाडी

कारकुनाने घेतलेली मोटरसायकल साधीसुधी, पण घरातली पहिलीवहिली. तिला ओरखडा पडू नये म्हणून आईने टाकीसाठी जाड रेक्झिनचं कव्हर शिवलं, तेही झाकणासकट, मापात घट्ट. लेकाच्या नोकरीला अजून कायमचा शिक्का लागायचा होता आणि त्या महिन्यात तीन लेट मार्क लागले, तर लागणारही नव्हता. पायी जाऊन उशीर नको, म्हणून तर गाडी घेतली!

पहिल्याच सकाळी भर उन्हात गाडी दोन आचके देऊन स्मशानाच्या फाटकासमोर गप्प झाली. किका मारून कारकुनाचा पाय दुखला. आतून एक वाळकुडा रखवालदार वही घेऊन बाहेर आला.

"नाव?"

"अहो, माझी गाडी बंद पडलीय!"

"इथं थांबेल त्याचं लिहावं लागतं. कामाला कुठं?"

कारकुनाने निमूटपणे सांगितलं. पेट्रोल संपलं की काय म्हणून कव्हर सोडून झाकण उघडलं, तर टाकीने लांब उसासा टाकला. कारकुनाने दचकून आत डोकावलं. पेट्रोल भरपूर होतं. कव्हर बांधून किक मारली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू! ऑफिसात मात्र लाल शाईने पहिला लेट मार्क पडला.

दुसऱ्या दिवशी त्याने शहाणपणा करून वेगळाच रस्ता धरला. गाडी छान पळाली, वळली आणि एका भिंतीशी गचकली. भिंतीतलं दार करकरलं.

"आज मागच्या दारानं?" रखवालदार म्हणाला आणि वही उघडली.

दुसरा लेट मार्क. घरी आल्यावर आईचा चेहरा उतरला. "तिला तिकडचीच ओढ आहे बाबा. परत करून टाक."

"परत केली तर पायी जाऊ? मग तिसरा ठरलेलाच." कारकुनाला खरोखरच भीती वाटत होती, पण कशाची जास्त, ते त्याचं त्यालाही कळेना.

संध्याकाळी मेस्त्रीने उसाशापासून फाटकापर्यंत सगळी हकिगत ऐकली, गाडीभोवती एक चक्कर मारली, कव्हर ओढून काढलं आणि कपाळावर हात मारला.

"हे कुणी घातलं?"

"आईनं. टाकीला जपायला."

"झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, साहेब. तुम्ही तिचं नाक दाबलंत. थोडं अंतर गेलं की पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण उघडलं की हवा शिरते, तोच तुमचा उसासा."

"पण रोज तिथंच कसं?"

"घरापासून दोन्ही रस्त्यांनी अंतर तेवढंच पडत असेल." मेस्त्री हसला. कारकूनही हसला, जरा जास्तच मोठ्याने.

तिसऱ्या सकाळी गाडी बिनकव्हरच्या टाकीने फाटकावरून सुसाट गेली. रखवालदार वही हातात धरून उभा होता. कारकुनाने त्याच्याकडे बघितलं नाही. तो दहाला पाच कमी असतानाच ऑफिसात हजर झाला. साहेबांनी घड्याळ बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "असेच येत राहिलात तर कायम झालात म्हणून समजा."

कारकून खुर्चीत सैलावला, तोच शिपाई जवळ आला.

"तुमच्यासाठी आत्ता फोन आला होता. कोणी रखवालदार म्हणे. आज थांबला नाहीत म्हणून विचारत होता."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, घाई करू नका म्हणावं. आमच्याकडे लेट मार्क लागत नाही."